स्नायू, सांधा आणि एक जुनी गोळी



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. संधिवातावर बोलण्याचं निमंत्रण आलं तेव्हा औषधांची यादी सांगण्याऐवजी रेणूंपासून सुरुवात करावी असं म्हणूनच वाटलं. आज मांडायचा मुद्दा एकच आहे. सांधा दुखला की रुग्ण सांधा दाखवतो आणि डॉक्टरही सांधाच बघतो. एक्स-रे सांध्याचा, सूज सांध्याची, शस्त्रक्रिया सांध्याची. त्या सांध्याला हलवणारा आणि धरून ठेवणारा स्नायू तपासणीत बहुधा येतच नाही. गेल्या शंभर वर्षांचं संशोधन मात्र सांगतं की सांध्याच्या दाहाचा आजार स्नायूचाही आजार असतो. स्नायू सोडून केलेला उपचार अर्धाच राहतो.

संधिवाताचे प्रकार पुष्कळ आहेत. आज मी मुख्यतः आमवाताबद्दल बोलणार आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, सकाळी तास-दोन तास बोटं आखडून राहतात आणि दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार दोन-तीन पट अधिक आढळतो. वयोमानाने होणाऱ्या गुडघ्याच्या झिजेबद्दलही ओघात सांगेन.

आधी स्नायू. १९२०च्या दशकात हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात सायरस फिस्क नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली येल्लाप्रगडा सुब्बाराव हा आंध्रातला तरुण काम करत होता. जन्म १८९५चा, भीमावरमचा. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्याने शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा घातला. इंग्रज प्राध्यापकांचा त्यावर रोष झाला आणि एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही कमी दर्जाची पदवी पदरात पडली. स्प्रू नावाच्या पोटाच्या आजाराने त्याचे भाऊ गेले होते, त्याने स्वतःही तो आजार भोगला होता. अमेरिकेत पोचल्यावर पोटासाठी इस्पितळात पडेल ते काम त्याने केलं.

फिस्क आणि सुब्बाराव यांनी १९२५ साली रक्तातलं आणि ऊतींतलं फॉस्फरस मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. परीक्षानळीत नमुना घ्यायचा, त्यात आम्ल आणि मॉलिब्डेट घालायचं, मग एक क्षपणकारक द्रव्य घालायचं. नळीत निळा रंग उतरतो. जितकं फॉस्फेट जास्त तितका रंग गडद. रक्ताच्या नमुन्यात हा रंग काही मिनिटांत यायचा आणि स्थिर व्हायचा. स्नायूच्या अर्कात मात्र वेगळंच दिसलं. रंग सुरुवातीला फिका राहायचा आणि नंतर सावकाश गडद होत जायचा. नमुना बिघडला असं म्हणून कोणीही ती नळी ओतून दिली असती. या दोघांनी तसं केलं नाही. त्या आम्लात काहीतरी हळूहळू फुटत असलं पाहिजे आणि त्यातून फॉस्फेट मोकळं होत असलं पाहिजे, हे त्यांनी ताडलं. ते फुटणारं द्रव्य म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. मांजराच्या स्नायूला विजेने उद्दीपित केलं की ते कमी होतं आणि विश्रांती दिली की पुन्हा भरून येतं, हेही त्यांनी दाखवलं. साल १९२७. लंडनमध्ये एगल्टन दाम्पत्यालाही त्याच वर्षी याच द्रव्याचा माग लागला होता.

याचं महत्त्व लक्षात घ्या. स्नायू लॅक्टिक आम्लाच्या जोरावर आकुंचन पावतो असा त्या काळचा सिद्धांत होता आणि स्नायूंवरच्या कामासाठी हिल आणि मायरहॉफ यांना १९२२चं नोबेलही मिळालं होतं. निळ्या रंगाच्या त्या उशिराने या सिद्धांताला पहिला धक्का दिला. पुढे १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि हार्वर्डमध्ये फिस्क-सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे एटीपी, म्हणजे अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, शोधून काढलं. पेशीचं खरं इंधन ते हेच.

स्नायू ते वापरतो कसं, हे कळायला आणखी पंचवीस वर्षं लागली. युद्धकाळात हंगेरीतल्या सेगेद इथे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत स्नायूतली प्रथिनं वेगळी काढून त्यांचे धागे बनवले गेले. त्यांवर एटीपी टाकताच ते निर्जीव धागे डोळ्यांदेखत आखडले. मग मे १९५४मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्क यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं नातं काही नव्हतं, निष्कर्ष मात्र एकच होता. आकुंचन होताना स्नायूतले तंतू आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. विहिरीतून पोहरा ओढताना आपण दोर पकडतो, ओढतो, सोडतो, पुढे पुन्हा पकडतो. मायोसिनच्या रेणूची डोकी अ‍ॅक्टिनच्या तंतूवर हेच करतात, आणि पकड सोडायला प्रत्येक वेळी एटीपीचा एक रेणू लागतो. मृत्यूनंतर शरीर ताठरतं याचं कारणही हेच आहे. एटीपी संपलं की पकड सुटत नाही. आपल्या स्नायूंतला एटीपीचा साठा जोरदार कामाला काही सेकंदच पुरेल एवढा असतो. तो सतत नव्याने भरावा लागतो, आणि पहिल्या काही क्षणांत ते काम फॉस्फोक्रिएटिन करतं.

आता सांध्याकडे वळायचं तर वाट मुंबईवरून जाते. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक तऱ्हेचा घातक रक्तक्षय होत होता. त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी होतात आणि आकाराने मोठ्या होतात. त्या बायका काय खातात, कुठे राहतात, त्यांच्या पोटात कोणते जंतू आहेत, हे सगळं विल्सबाईंनी धुंडाळलं. यीस्टचा अर्क दिल्यावर हा रक्तक्षय बरा होतो हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला जो घटक गुण देत होता तो पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. मुंबईच्या गिरणगावावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. जगभरच्या गरोदर बायका आज जी गोळी घेतात तिचं मूळ त्या गिरणगावातल्या बायकांच्या रक्तात सापडलं, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत शिकवली गेली पाहिजे.

हे फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत बनवण्यात यश आलं १९४५ साली, न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले कंपनीत. तिथे संशोधनाचे प्रमुख होते सुब्बाराव. हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नव्हती म्हणून १९४० साली ते लेडर्लेत आले होते. भावांचा जीव घेणाऱ्या स्प्रूवरही फॉलिक अ‍ॅसिड लागू पडतं असं पुढे सिद्ध झालं. ते हाती आल्यावर त्याच्यासारखेच दिसणारे, पण पेशीला चकवून तिची वाढ रोखणारे रेणूही या प्रयोगशाळेत तयार झाले. त्यांतला अ‍ॅमिनॉप्टेरिन हा रेणू बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिला. सोळापैकी दहा मुलांना तात्पुरता का होईना गुण आला. हा निबंध जून १९४८मध्ये छापून आला आणि ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. वय ५३. अ‍ॅमिनॉप्टेरिनचा सख्खा भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट, आमवातावरचं आजचं सर्वांत महत्त्वाचं औषध. स्नायूचं इंधन शोधणाऱ्याच माणसाच्या देखरेखीखाली ते जन्मलं. त्यांचं नाव आपल्या घराघरांत का नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुब्बाराव गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने खिळलेल्या एका रुग्ण बाईंना पुढे कॉर्टिझोन म्हणून प्रसिद्ध झालेलं द्रव्य टोचलं. काही दिवसांत त्या चालू लागल्या. १९५०चं नोबेल हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना मिळालं. या झगमगाटात १९५१ सालचं रिचर्ड गुबनर यांचं एक छोटं निरीक्षण विरून गेलं. अ‍ॅमिनॉप्टेरिन दिल्यावर आमवाताच्या मोजक्या रुग्णांचे सांधे उतरले आणि सोरायसिसचे चट्टेही गेले, एवढंच ते होतं. कॉर्टिझोनसारख्या स्टेरॉइडचे दुष्परिणाम ध्यानात यायला काही वर्षं गेली. त्यांतला एक दुष्परिणाम आजच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यावर मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू झिजतात. सांधा दुखायचा थांबतो, पण रुग्णाला जमिनीवरून उठता येत नाही. कशाकशाची पुडी किंवा बिननावाची गोळी घेऊन 'दोन दिवसांत गुण आला' असं कोणी सांगितलं की मला पहिली शंका येते ती त्यात स्टेरॉइड असल्याची.

मेथोट्रेक्सेटला आमवाताच्या उपचारात मानाची जागा मिळाली ती १९८५ साली बोस्टनमध्येच मायकेल वाइनब्लाट यांनी केलेल्या चाचणीनंतर. १९८८मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी रीतसर मान्यता मिळाली. कर्करोगात हे औषध प्रचंड मात्रेत दिलं जातं. आमवातात मात्रा असते आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम.

इथे क्षणभर थांबून एक गोष्ट अगदी ठासून सांगतो. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज नाही. चुकून रोज घेतल्यामुळे तोंड आतून सोलवटलेले, रक्तातल्या पेशी कोसळलेले रुग्ण मी पाहिले आहेत आणि जगभर अशाने माणसं दगावलीही आहेत. औषधाच्या चिठ्ठीवर वार लिहून घ्या. 'आठवड्यातून एकदा' एवढ्यावर थांबू नका, 'दर रविवारी' असं लिहून घ्या. घरातल्या दुसऱ्या कोणालाही तो वार ठाऊक असू द्या. ठरलेल्या वेळी रक्ताची आणि यकृताची तपासणी करून घ्या. गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्या काळात हे औषध चालत नाही.

या गोळीबरोबर आम्ही दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिडही देतो. तोंड येणं, मळमळ, यकृताचा त्रास त्याने कमी होतो आणि सांध्यांचा गुण टिकून राहतो. यातून एक कोडं उभं राहतं. मेथोट्रेक्सेट जर फॉलिक अ‍ॅसिडला अडवूनच काम करत असेल, तर फॉलिक अ‍ॅसिड दिल्यावर गुण नाहीसा व्हायला हवा. तसं होत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या ब्रूस क्रॉनस्टाइन यांनी १९९०च्या दशकात या कोड्याचा माग काढला. मेथोट्रेक्सेटमुळे पेशीत एआयसीएआर नावाचा एक रेणू साठतो आणि त्यातून पेशीच्या बाहेर अ‍ॅडेनोसिन वाढतं. एटीपीवरचे तीनही फॉस्फेट गळून पडले की मागे उरतं तेच हे अ‍ॅडेनोसिन. दाह पेटवणाऱ्या पेशींवर ते जाऊन बसतं आणि त्यांना शांत करतं. हे औषध जे काही करतं ते सगळं एवढ्याने उलगडत नाही, पण मोठा भाग उलगडतो. साठणारं एआयसीएआर स्नायूतल्या इंधन-मापक एन्झाइमलाही जागं करतं. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या रोनाल्ड एव्हान्स यांच्या चमूने बसून असलेल्या उंदरांना ते चार आठवडे दिलं, तर ते उंदीर ४४ टक्के जास्त वेळ धावले. यावरून मेथोट्रेक्सेटने माणसाचे स्नायू बळकट होतात असं कोणी समजू नये. मला दाखवायचं आहे ते एवढंच की स्नायूचं रसायन आणि दाहाचं रसायन ही दोन वेगळी शास्त्रं नाहीत.

याचा सर्वांत ठळक पुरावा एका प्रथिनाच्या इतिहासात आहे. कर्करोगाच्या गाठी नष्ट करणारा पदार्थ शोधताना लॉइड ओल्ड यांच्या गटाला १९७५ साली टीएनएफ सापडलं. दुसरीकडे रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी वेगळ्याच प्रश्नामागे होते. परजीवींचा संसर्ग झालेले प्राणी भरपेट असूनही झिजत का जातात? झीज घडवणाऱ्या घटकाला त्यांनी कॅचेक्टिन म्हटलं. १९८५ साली ब्रूस बॉयटलर आणि सेरामी यांनी दाखवलं की कॅचेक्टिन आणि टीएनएफ एकच आहेत. मग लंडनच्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी सिद्ध केलं की आमवाताच्या सांध्यातल्या दाहाची सूत्रं याच टीएनएफच्या हाती आहेत. १९९२ साली चेरिंग क्रॉस इस्पितळात त्यांनी वीस रुग्णांना टीएनएफला बांधून ठेवणारं प्रतिपिंड दिलं आणि आमवाताच्या उपचारांचं नवं युग सुरू झालं. ही औषधं सुरू करण्याआधी आपल्याकडे क्षयाची तपासणी काटेकोरपणे करावीच लागते, कारण टीएनएफ शरीरात दबून राहिलेल्या क्षयाला रोखून धरत असतं. ते अडवलं की क्षय उसळू शकतो.

जो रेणू सांधा पोखरतो तोच स्नायू झिजवतो, हे यातून पुढे येतं. २००१ साली म्यूआरएफ-वन आणि अ‍ॅट्रोजिन-वन ही स्नायूची प्रथिनं मोडीत काढणारी दोन एन्झाइमं सापडली. दाहाच्या संदेशांनी ती चाळवतात, स्टेरॉइडनेही चाळवतात. आमवाताच्या रुग्णात ही झीज लपून राहते, कारण स्नायू जातो तिथे चरबी येते आणि वजनकाटा हलत नाही. 'माझं वजन तेवढंच आहे, डॉक्टर' असं सांगणाऱ्या बाईंच्या मांडीला हात लावून बघावं लागतं. नव्या महागड्या औषधांनी सांधे शांत होतात, पण गेलेला स्नायू आपोआप परत येत नाही. तो कामाने परत आणावा लागतो.

सुजलेला गुडघा तर स्नायूला थेट बंद पाडतो. १९६५ सालच्या एका प्रयोगात डिआंड्राडे आणि सहकाऱ्यांनी गुडघ्यात द्रव भरला आणि मांडीचा पुढचा स्नायू किती जोर लावतो ते पाहिलं. दुखणं नसतानाही स्नायू ढिला पडला. पुढच्या प्रयोगांत दिसलं की निरोगी गुडघ्यात वीस-तीस मिलिलीटर द्रव भरला तरी वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू मंदावतो. सांध्यातल्या संवेदना मज्जारज्जूला संदेश देतात आणि तिथूनच आज्ञा आवरली जाते. रुग्णाची इच्छाशक्ती कमी पडते असा त्याचा अर्थ नाही. घरची माणसं 'तू प्रयत्नच करत नाहीस' म्हणतात तेव्हा हा प्रयोग त्यांना सांगावासा वाटतो. गुडघ्याच्या झिजेतही हेच दुष्टचक्र असतं. दुखतं म्हणून चालणं कमी, चालणं कमी म्हणून मांडी बारीक, मांडी बारीक म्हणून सांध्यावर जास्त भार. झीज थांबवणारं एकही सिद्ध औषध आज नाही. मांडी बळकट करणारा व्यायाम मात्र दुखणं कमी करतो, हे चाचण्यांमागून चाचण्यांनी दाखवलं आहे.

पण दाह असलेल्या सांध्याला व्यायाम? वर्षानुवर्षं वैद्यकाने याला 'नको' म्हटलं. विश्रांती घ्या, जपा. ते मत बदलायला एका डॅनिश बाईंच्या कामाचाही हातभार लागला. कोपनहेगनच्या बेन्टे पेडरसन यांच्या गटाने २०००च्या सुमारास दाखवलं की काम करणारा पायाचा स्नायू स्वतः इंटरल्यूकिन-सिक्स रक्तात सोडतो. आमवातात तर हेच इंटरल्यूकिन-सिक्स दाह पेटवतं, आणि त्याला अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध जपानच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या संशोधनातून आलं. मग एकच रेणू दोन तोंडांनी कसा बोलतो? फरक पडतो तो कुठून येतो आणि किती वेळ राहतो यावर. आजारात तो प्रतिकारपेशींतून येतो, टीएनएफच्या सोबतीने, दिवसरात्र. व्यायामात तो स्नायूतून येतो, तास-दोन तासांसाठी, आणि मागोमाग दाह शमवणारे रेणू आणतो. २००३ साली याच गटाने निरोगी स्वयंसेवकांना जिवाणूचं विष अल्प मात्रेत टोचलं. बसून असलेल्यांच्या रक्तात टीएनएफ चढलं. तीन तास सायकल मारलेल्यांच्या रक्तात ते जवळजवळ चढलंच नाही. औषधाच्या पाकिटावर लिहिला जातो तसला हा परिणाम स्नायूने स्वतःहून घडवला.

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या तीनशेहून अधिक आमवाती रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षं नियमित, जोरकस व्यायाम. त्यांची ताकद आणि कामाची क्षमता वाढली, आजार भडकला नाही. ज्यांचे गुडघे-खुबे आधीच बरेच खराब झालेले असतात त्यांनी जपून करावं एवढाच इशारा त्यातून निघाला. सूज भरात असताना सांध्याला आराम द्यावा, स्नायू जागच्या जागी आवळून सोडावा. सूज उतरली की थांबू नये.

आपल्याकडचं चित्र पाहायचं तर पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला जावं लागतं. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने तिथे घरोघरी पाहणी झाली आणि गावच्याच स्वयंसेवकांनी ती केली. प्रौढांपैकी पाचातल्या जवळपास एकाला सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. आमवात त्यातला लहान भाग. मोठा भाग होता स्नायू-कंडरांच्या दुखण्यांचा, झिजेचा आणि धड नाव देता येणार नाही अशा वेदनांचा. शेतात वाकून काम करणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या माणसांची ही दुखणी आहेत. त्यांना 'व्यायाम करा' म्हटलं की साहजिकच उत्तर येतं, 'डॉक्टर, दिवसभर दुसरं काय करतो?' हे उत्तर आपण गंभीरपणे घेतलं पाहिजे. दिवसभराच्या कामाने काही स्नायू थकतात आणि काहींना ताणच पडत नाही. कोणत्या स्नायूला किती वजन, आठवड्यातून किती वेळा, हे माणूस बघून ठरवावं लागतं. बरोबर डाळ, अंडी, दूध यांतून पुरेसं प्रथिन पोटात जावं लागतं. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या ठिकाणी, सरकारी रुग्णालयात, रोज बसलेला हवा.

तोवर प्रत्येक डॉक्टरला एक गोष्ट आजपासून करता येईल. सांध्याच्या रुग्णाला बिनहाताच्या खुर्चीवर बसवावं, हात छातीशी बांधायला सांगावे आणि पाच वेळा उठून बसायला सांगावं. लागलेले सेकंद केसपेपरवर, रक्ताच्या रिपोर्टच्या शेजारी लिहावेत. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावं. रक्तातला दाह उतरला आणि सेकंद तेवढेच राहिले, तर उपचार पुरा झालेला नाही आणि पुढची चिठ्ठी व्यायामाची आहे.